शुक्राणूंचा झिरो काउंट आला? शस्त्रक्रियेआधी वाय गुणसूत्राची तपासणी करून घ्या

कुळागर_फोंडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मूल होत नाही या विषयावर आपल्याकडे बायकांच्या बाजूने पुष्कळ लिहिले जाते. पुरुषाच्या बाजूने कोणी बोलत नाही आणि गोव्यासारख्या लहान जागेत तर मुळीच नाही, कारण फोंड्यात बोललेले संध्याकाळपर्यंत सावर्ड्यात पोहोचते. म्हणून इथे लिहितोय.

माझा रिपोर्ट 'एझेडएफ-सी डिलीशन' असा आहे. वाय गुणसूत्राच्या लांब भुजेवरचा एक तुकडा माझ्यात जन्मापासूनच नाही. शुक्राणू तयार व्हायला लागणारी काही जनुके त्या तुकड्यावर असतात, त्यामुळे ते काम अर्धवट चालते. बाकी मला काहीही नाही. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित आहे, दाढी-मिशी आहे, संसार व्यवस्थित आहे, माडावर आजही चढतो. हे मुद्दाम लिहितोय, कारण 'शुक्राणू नाहीत' म्हटले की लोक लगेच पुरुषत्वावर घसरतात. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वृषणातल्या ज्या पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात त्या वेगळ्या, शुक्राणू जिथे बनतात त्या नलिका वेगळ्या.

लग्नानंतर पहिली बरीच वर्षे तपासण्या फक्त बायकोच्या झाल्या. रक्त झाले, सोनोग्राफी झाली, नळ्यांचा एक्सरे झाला. त्या एक्सरेच्या वेळी ती टेबलाची कड धरून कशी पडली होती ते मी दाराच्या फटीतून पाहिले आहे. मग दुर्बिणीतून तपासणी. सगळे नॉर्मल. तरीही गोळ्या तिलाच. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी टेबलावरून एक प्लास्टिकची डबी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "आता तुमचं बघू."

पहिल्या रिपोर्टात निल, म्हणजे वीर्यात एकही शुक्राणू नाही. काही आठवड्यांनी परत दिला, तेव्हा नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ पाहिला आणि त्यात मोजके शुक्राणू सापडले. एका ठिकाणी लगेच सांगण्यात आले की व्हेरिकोसील आहे, म्हणजे वृषणाजवळच्या शिरा फुगल्या आहेत, ऑपरेशन करून टाकू, तारीख घ्या. डॉक्टरीणबाईंनी थांबवले. आधी रक्तातून वाय मायक्रोडिलीशन (वायवरचा बारीक तुकडा गळला आहे का ते) आणि कॅरिओटाइप (सगळ्या गुणसूत्रांची पाहणी) करा, मग ठरवू, असे म्हणाल्या. रिपोर्ट आला आणि ऑपरेशन रद्द झाले. तुकडाच नसेल तर शिर बांधून काउंट वाढण्याची आशा धरण्यात अर्थ नव्हता.

एवढ्यासाठीच हा धागा. काउंट शून्य किंवा अगदी कमी असेल तर ही तपासणी सुरुवातीलाच करा. सुरी लावण्याआधी, आयव्हीएफचे पैसे भरण्याआधी आणि बायकोच्या अंगावर आणखी सुया टोचण्याआधी. कोणाला काही विचारायचे असेल तर मोकळेपणी विचारा.


तिसवाडीची_लेक

दादा, वाचून रडू आले. आमचेही तुमच्यासारखेच चालले आहे. मिस्टरांचा काउंट तीस लाखांच्या आसपास येतो, दोन्ही वेळा. डॉक्टरांनी हीच तपासणी लिहून दिली आहे, पण घरात गोंधळ झाला आहे. सासूबाई म्हणतात, आमच्या घराण्यात सगळ्यांना पोरेबाळे आहेत, माझ्या मुलाच्या रक्तात दोष कसा असेल, सुनेचेच काहीतरी असणार. चवथीला सगळे गावच्या घरी जमले की हाच विषय. गेल्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला एकीने माझ्या ओटीत नारळ घालताना हात आखडता घेतला, ते मी विसरू शकत नाही.

मला एवढेच सांगा. हे वडिलांकडून येते ना? मग सासऱ्यांना कसे नाही? आणि दिरांना दोन मुले आहेत, मग ह्यांना कसे असेल?


पेशीपाठ

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर नीट देते. मी कॉलेजात जनुकशास्त्र शिकवते.

वाय गुणसूत्र वडिलांकडूनच येते, ते खरे. पण हा तुकडा बहुतेक वेळा वडिलांच्या अंगात शाबूत असतो. त्यांच्या वृषणात शुक्राणू तयार होताना, त्या एका शुक्राणूत, तो गळतो. त्याच शुक्राणूतून मुलगा जन्मला तर गळती त्याच्या प्रत्येक पेशीत असते. म्हणून सासऱ्यांना मुले होणे, दिरांना मुले होणे आणि तुमच्या मिस्टरांत गळती सापडणे या तिन्ही गोष्टी एकाच घरात सुखेनैव नांदू शकतात. घराण्याचा दोष, कुणाचे पाप, कुणाच्या रक्ताची बाधा, यातले काहीही नाही. सासूबाईंना हे असेच सांगा. सांगताना मिस्टर शेजारी असू द्यात, म्हणजे सगळा भार तुमच्यावर पडणार नाही.

तुकडा गळतो तरी कसा, तेही सांगते, कारण ते समजले की मनातला अर्धा अपराधीपणा जातो.

आपली बाकीची गुणसूत्रे जोडीने असतात. एकात बिघाड झाला तर दुसऱ्याकडे बघून दुरुस्ती होते. वायला असा जोडीदार नाही. एक्सबरोबर त्याची अदलाबदल होते ती फक्त टोकांपाशी. मग मधल्या भागातली जनुके एवढ्या पिढ्या टिकली कशी? तर वायने स्वतःच्याच अंगावर नकला ठेवल्या आहेत. एकच मजकूर सुलट आणि उलट, आरशातल्यासारखा. अमेरिकेतल्या डेव्हिड पेज यांच्या गटाने सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांबरोबर २००३ साली या भागाचा नकाशा प्रसिद्ध केला, त्यात असे आठ मोठे पॅलिंड्रोम सापडले. सर्वांत मोठा डीएनएच्या जवळपास २९ लाख अक्षरांचा, आणि त्याच्या दोन भुजा ९९.९७ टक्के सारख्या! एका नकलेत चूक झाली तर दुसरीवरून दुरुस्त होते.

पण हीच सोय कधी अंगाशी येते. पोथी उतरवून घेणाऱ्याचे होते तसे. एकच ओळ पानावर दोन ठिकाणी आली की नजर पहिलीवरून थेट दुसरीवर उतरते आणि मधल्या ओव्या सुटतात. वायवर इतका सारखा मजकूर आहे की शुक्राणू बनताना दोन सारख्या जागा एकमेकींना जुळतात आणि मधला सगळा भाग बाहेर पडतो. धागाकर्त्यांच्या प्रकारात सहसा असा सुमारे ३५ लाख अक्षरांचा भाग जातो. त्यात 'डॅझ' नावाच्या जनुकाच्या चारही प्रती असतात.

शोध मात्र जुना आहे. १९७६ मध्ये तिएपोलो आणि झुफ्फार्डी या इटालियन शास्त्रज्ञांनी १,१७० पुरुषांची गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. शुक्राणू नसलेल्या सहा जणांत वायच्या लांब भुजेचे टोकच नव्हते. तिथे शुक्राणू बनवणारा काहीतरी घटक असावा असे त्यांनी मांडले, आणि 'अझूस्पर्मिया फॅक्टर' म्हणजे एझेडएफ हे नाव तिथून आले. पुढे १९९६ मध्ये फोग्ट आणि सहकाऱ्यांनी त्याचे ए, बी, सी असे तीन भाग पाडले. आज रिपोर्टवर तीच अक्षरे दिसतात.

आणि आपण एकटेच आहोत असे कुणाला वाटत असेल तर हे वाचा. २०१२ साली पाच देशांतल्या २०,००० पुरुषांचे वाय तपासले गेले, त्यात भारतीयही होते. सी भागाची पूर्ण गळती साधारण २,३०० पुरुषांमागे एकात सापडली. त्याआधी २००३ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत थंगराज यांच्या गटाने शुक्राणू नसलेल्या ३४० भारतीय पुरुषांची तपासणी केली होती, त्यातल्या २९ जणांत वायवर गळती होती. म्हणजे ८.५ टक्के.


म्हापसा_लॅब

तंत्रज्ञ म्हणून बरीच वर्षे काम करतोय. रिपोर्ट कसा वाचायचा ते लिहितो, कारण कागद हातात आला की लोक 'अ‍ॅब्सेंट' शब्द बघूनच घाबरतात.

रक्त साधेच काढतात, जांभळ्या टोपणाच्या नळीत. उपाशीपोटी यावे लागत नाही. रक्तातून डीएनए काढून पीसीआर करतात, म्हणजे ठरावीक तुकड्यांच्या (त्यांनाच खुणा म्हणतात) भरपूर प्रती काढून ते आहेत की नाहीत ते बघतात. प्रत्येक भागासाठी किमान दोन खुणा तपासायच्या असा युरोपीय मार्गदर्शक नियम आहे आणि आपल्याकडेही बहुतेक ठिकाणी तोच पाळतात. ए भागाला एसवाय ८४ आणि ८६, बी भागाला १२७ आणि १३४, सी भागाला २५४ आणि २५५. सोबत एसआरवाय आणि झेडएफवाय या दोन खुणा असतात, त्या चाचणी बरोबर चालली की नाही हे बघण्यासाठी.

त्या प्रती जेलवर पसरवून फोटो काढतात, तो म्हणजे काळ्यावर पांढऱ्या पट्ट्या. शेजारी नॉर्मल पुरुषाचा नमुना लावतात, त्यात सगळ्या पट्ट्या दिसायला हव्यात. एका बाईचा नमुना लावतात, त्यात वायच्या पट्ट्या अजिबात दिसता कामा नयेत. आणि एका नळीत नुसते पाणी, तिथे काहीच उमटता कामा नये. हे तिन्ही बरोबर असले तरच पेशंटची ओळ वाचायची. एझेडएफ-सी गळतीत बाकीच्या पट्ट्या ठसठशीत आणि २५४, २५५ च्या जागा कोऱ्या. दोनपैकी एकच कोरी असेल तर आम्ही रिपोर्ट देत नाही, परत चालवतो. तुमच्या रिपोर्टात एकच खूण 'अ‍ॅब्सेंट' लिहिली असेल तर लॅबला विचारा की चाचणी परत केली का.

आणखी एक. "कॅरिओटाइप नॉर्मल आला, म्हणजे वायही नॉर्मल" असे पुष्कळ जण धरून चालतात. तसे नाही. कॅरिओटाइपमध्ये गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, तिथे ३५ लाख अक्षरांची गळती दिसत नाही. तिएपोलोंनी पाहिलेल्या गळती खूप मोठ्या होत्या म्हणून दिसल्या. दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या आहेत आणि दोन्ही लागतात. कॅरिओटाइपमध्ये क्लाइनफेल्टर, म्हणजे ४७ एक्सएक्सवाय, एक एक्स जास्त असणे, कळते, आणि झिरो काउंटमागे तेही मोठे कारण आहे.

काहींच्या रिपोर्टात 'जीआर/जीआर' असे असते. ही सी भागाची अर्धवट गळती. २०१२ च्या त्याच पाहणीत ती साधारण ४१ पुरुषांत एकाला होती आणि त्यातल्या अनेकांना मुले आहेत. काउंट कमी असण्याची शक्यता तिने थोडी वाढते, एवढेच. पूर्ण सी गळती आणि ही एकच समजून रडत बसू नका.

वीर्याच्या तपासणीबद्दलही थोडे. दोन ते सात दिवसांचा खंड ठेवून नमुना द्यायचा. एका रिपोर्टावर काही ठरवायचे नाही, दोनदा करायचा. मधे मोठा ताप येऊन गेला असेल, डेंग्यू वगैरे, तर दोन-तीन महिने थांबून द्या. शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे तापाचा परिणाम नंतर दिसतो. सध्याच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेप्रमाणे, २०२१ ची सहावी आवृत्ती, खालची मर्यादा मिलीलिटरला १ कोटी ६० लाख. वायची तपासणी पूर्वी ५० लाखांच्या खाली सगळ्यांना सांगत. आता काही नियमावल्या १० लाखांच्या खाली नक्की करा म्हणतात आणि मधल्यांचे डॉक्टरवर सोडतात, कारण ५० लाखांच्या जवळ गळती क्वचितच सापडते. ताई, तुमचे ३० लाख म्हणजे त्या मधल्या पट्ट्यात. तपासणी करा, पण रिपोर्ट येईपर्यंत वाईटच धरून बसू नका.


डिचोलीकार_७७

मी थोडे वेगळे विचारतो. आमच्याकडे खाणींची धूळ किती वर्षे खाल्ली आम्ही. त्याने हे होत असेल का? जिममधल्या मुलांचेही असे ऐकतो. आणि आयुर्वेदिक औषधाने तुकडा परत भरून येतो अशी जाहिरात पाहिली. आमच्या मावशीने देवीला पाकळ्या लावून प्रसादही, म्हणजे कौलही, घेतला आहे, उजवा आला.


पेशीपाठ

धूळ, धूर, उष्णता, तंबाखू यांचा शुक्राणूंच्या संख्येवर आणि हालचालीवर परिणाम होतो याचे पुरावे आहेत. पण वायचा हा तुकडा जन्माआधीच, वडिलांच्या वृषणात, मजकूर सारखा असल्यामुळे गळलेला असतो. मोठेपणी खाल्लेल्या धुळीने तो गळत नाही. वयस्कर पुरुषांच्या, त्यातही सिगरेट ओढणाऱ्यांच्या, रक्तातल्या काही पेशींतून अख्खे वाय गुणसूत्र निघून गेलेले सापडते. ती पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे, या तपासणीशी तिचा संबंध नाही. बातम्यांत दोन्ही एकत्र येतात म्हणून सांगितले.

जिमचे म्हणाल तर तिथली खरी भीती टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने आणि स्टेरॉइडची. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळाले की मेंदू वृषणाला द्यायचा संदेश बंद करतो आणि शुक्राणू बनणे थांबते. काउंट शून्यावर जातो. बहुतेकांचा तो इंजेक्शने थांबवल्यावर हळूहळू परत येतो, पण काहींना महिनोन्‌महिने लागतात. डॉक्टरांपुढे हे लपवू नका. आणि 'ताकद वाढवायला' म्हणून कुणी काउंट कमी असलेल्या माणसाला टेस्टोस्टेरॉन देत असेल तर ते उलटेच काम आहे.


कुळागर_फोंडा

डिचोलीकारबाब, औषधाचे मी सांगतो. मीही चूर्णे घेतली, लेह्ये घेतली, झिंक घेतले. नसलेले जनुक कोणत्याही औषधाने परत येत नाही, ना आयुर्वेदाने, ना अ‍ॅलोपॅथीने. माझ्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी हे स्पष्ट सांगितले आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. 'तुकडा भरून येतो' म्हणणाऱ्या जाहिरातीला एक पैसाही देऊ नका.

देवाचे म्हणाल तर मी स्वतः मंगेशीला जातो, शांतादुर्गेला जातो. गाऱ्हाणे घातल्यावर मन थाऱ्यावर येते आणि या वाटेवर मन थाऱ्यावर असावे लागते. मावशींनी प्रसाद घेतला ते त्यांच्या मायेने घेतला. उजवा आला तर तो तपासणीला जायला उजवा आला असे समजा आणि रक्त देऊन या.


शापोरा_काठ

मी कधी लिहीत नाही, पण धागाकर्त्यांचे वाचून लिहावेसे वाटले.

माझा रिपोर्ट एझेडएफ-ए. पूर्ण. पण तो कळला तो ऑपरेशननंतर. आधी एका ठिकाणी वृषणाचा तुकडा काढून बघितला, काही नाही. मग दुसरीकडे, सूक्ष्मदर्शक लावून केलेले मोठे ऑपरेशन, मायक्रो-टेसे. तिथेही काही नाही. जखम भरेपर्यंत स्कूटरवर बसता येत नव्हते. त्यानंतर तिसऱ्या डॉक्टरांनी रक्ताची ही तपासणी केली. ते म्हणाले, हे आधी झाले असते तर दोन्ही ऑपरेशने लागलीच नसती.

म्हणून अक्षर महत्त्वाचे आहे. ए पूर्ण गेला असेल तर नलिकांत शुक्राणूंच्या मूळ पेशीच नसतात, नुसत्या आधार देणाऱ्या पेशी उरतात. बी पूर्ण गेला असेल, किंवा बी आणि सी मिळून गेले असतील, तर पेशी अर्ध्या वाटेवर येऊन अडकतात. या प्रकारांत ऑपरेशन करून शुक्राणू मिळण्याची आशा जवळपास नाही, म्हणून ते करूच नये असा सल्ला देतात. सीचे वेगळे. तिथे काहींच्या वीर्यातच थोडे शुक्राणू असतात, आणि ज्यांच्यात नसतात त्यांच्यापैकीही साधारण निम्म्या जणांच्या वृषणात ते सापडतात.

आम्ही डोनरच्या, म्हणजे दात्याचे शुक्राणू घेण्याच्या, वाटेने गेलो. आता आमच्या घरात मुलगी आहे.


तिसवाडीची_लेक

शापोरादादा, मुलीला खूप आशीर्वाद. डोनरचा निर्णय घेताना घरच्यांना सांगितले का? आणि कायद्याने काही अडचण येते का?


शापोरा_काठ

घरच्यांत फक्त माझ्या आईला सांगितले. ती गप्प राहिली आणि दुसऱ्या दिवशी बायकोसाठी शिरा करून आणला. त्यापलीकडे ती काही बोलली नाही, पण आम्हाला उत्तर मिळाले.

कायदा २०२१ चा आहे, सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा. डोनर ओळखीचा, नात्यातला आणायचा नाही. नोंदणीकृत बँकेतूनच घ्यावा लागतो. डोनरचे वय २१ ते ५५, आणि एका डोनरचा नमुना एकाच जोडप्याला. जन्मलेले मूल कायद्याने त्या नवरा-बायकोचेच, डोनरला त्याच्यावर कसलाही हक्क नाही. आम्हाला सर्वांत जास्त भीती याचीच होती, म्हणून वकिलाकडून कलम वाचून घेतले. माझी बायको म्हणाली, आता मला झोप लागेल.

काही जोडपी दत्तक घेतात, तीही तितकीच चांगली वाट आहे. आमच्या बायकोला गरोदरपण हवे होते म्हणून आम्ही ही घेतली.


मांडवी_पार

सी वाल्यांसाठी मग सरळ उपाय आहे की. इक्सी (सुईने शुक्राणू बीजांडात सोडतात ते) करताना मुलीचाच गर्भ निवडायचा. मुलीत वाय नसतो, प्रश्नच मिटला.


पेशीपाठ

मांडवीकर, नाही. गर्भाचे लिंग निवडायला आपल्या देशात १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेआधीची निवडही त्यात आली. परदेशी संकेतस्थळांवर हा सल्ला सर्रास दिसतो म्हणून इथल्या जोडप्यांना वाटते की इथेही विचारून बघावे. विचारू नका, आणि कुणी 'गुपचूप करून देतो' म्हणाला तर तिथून उठून या.

शिवाय बघा, हा जिवावरचा आजार नाही. सी गळतीच्या पुरुषाचा मुलगा तसाच धडधाकट वाढेल. त्याला गळती मात्र मिळणार, यात शक्यतेचा प्रश्न नाही, प्रत्येक मुलग्याला मिळणार. त्याला मोठेपणी शुक्राणू कमी असतील किंवा नसतील. तेव्हा त्याला हे आधीपासून माहीत असेल, त्याच्या बापाला नव्हते, हा मोठा फरक आहे.


तिसवाडीची_लेक

मांडवीदादा, रागावून लिहीत नाही, पण मुलगी म्हणजे 'प्रश्न मिटला' आणि मुलगा म्हणजे 'प्रश्न' हे वाचून बरे वाटले नाही. मला दोन्ही चालेल.


मांडवी_पार

ताई, तसे म्हणायचे नव्हते. कायद्याचे मला माहीत नव्हते. कळले.


कुळागर_फोंडा

यावर आम्ही दोघे रात्र-रात्र बोललो आहोत. आपल्यासारखाच त्रास मुलाला द्यायचा का, हा प्रश्न मी बायकोला विचारला. ती म्हणाली, "तुला त्रास झाला तो तुकडा नव्हता म्हणून की कोणी सांगितलं नाही म्हणून?" मी विचार केला. मला त्रास झाला तो न कळल्याचा, ती वर्षे वाया गेल्याचा, आणि तिच्यावर बोट दाखवणाऱ्यांना मी अडवू शकलो नाही त्याचा. तुकडा नसल्याने माझे रोजचे काही अडलेले नाही. त्यामुळे आम्ही ठरवले की इक्सी करायचे, आणि मुलगा झाला तर तो वयात आल्यावर त्याला सगळे सांगायचे.

इक्सी म्हणजे एक शुक्राणू सुईने बीजांडात सोडायचा. १९९२ मध्ये ब्रुसेल्सहून या पद्धतीने पहिल्या बाळांच्या जन्माची नोंद आली. त्याआधी माझ्यासारख्यांना वाट नव्हती.

आणखी एक गोष्ट सी वाल्यांनी लक्षात ठेवावी. ज्यांच्या वीर्यात आज थोडे शुक्राणू आहेत त्यांचे ते काही वर्षांनी कमी होऊ शकतात, कधी संपूनही जातात. म्हणून सापडतील तेव्हा गोठवून ठेवायला सांगतात. आम्ही तसे केले आहे. लग्न न झालेल्या तरुणालाही हा रिपोर्ट आला तर त्याने हे विचारून घ्यावे.


काणकोण_किनारा

खर्चाचे काय? आमच्याकडून पणजीला जाणेसुद्धा अख्खा दिवस खाते.


म्हापसा_लॅब

बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) २०२३ पासून आयव्हीएफ केंद्र सुरू आहे, सरकारी असल्याने उपचार मोफत आहेत. गर्दी असते, थांबावे लागते. जाताना आधीचे सगळे कागद न्या, विशेषतः वीर्याचे दोन्ही रिपोर्ट आणि बायकोचे नळ्यांचे एक्सरे, म्हणजे तेच परत करावे लागत नाही. वायची तपासणी तिथे होते की बाहेर पाठवतात ते खिडकीवर आधी विचारा. कुठल्याही खासगी लॅबमध्ये रक्त दिले तरी नमुना बहुधा मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जातो, रिपोर्टला आठवडा-दीड आठवडा धरा. काणकोणच्या माणसाने रक्त तालुक्यातच द्यावे, त्यासाठी पणजी गाठायची गरज नाही.


तिसवाडीची_लेक

मंडळी, आमचा रिपोर्ट आला. सगळ्या खुणा 'प्रेझेंट'. कॅरिओटाइप ४६ एक्सवाय, नॉर्मल. कालपासून पुन्हा पुन्हा तोच कागद वाचते आहे. पण आता डॉक्टर म्हणतात, कारण अजून सापडलेले नाही. मग पुढे काय बघायचे?

आणि सासूबाईंना मिस्टरांनी स्वतः बसून सांगितले, पेशीपाठताईंनी लिहिले तसे. पोथीचे उदाहरण त्यांना पटले, त्या स्वतः चातुर्मासात पोथी वाचतात. म्हणाल्या, मग हे माझ्याही पोटात होऊ शकले असते. मी म्हटले, नाही आई, मामंजींच्या. त्या हसल्या. किती दिवसांनी हसल्या.


म्हापसा_लॅब

ताई, आनंद झाला. आता पुढचे. वीर्याच्या रिपोर्टात एकूण वीर्य किती आहे बघा. दीड मिलीलिटरच्या बरेच खाली असेल, पीएच आम्लाकडे झुकलेला असेल आणि फ्रुक्टोज (वीर्यातली साखर) नसेल तर वाटेत कुठेतरी अडथळा असू शकतो. काही पुरुषांत जन्मापासून वीर्यवाहिन्याच नसतात, त्यात सीएफटीआर नावाच्या जनुकाची तपासणी करतात. पण तेव्हा काउंट शून्य असतो, तुमचा ३० लाख आहे, त्यामुळे ते कमी संभवते.

रक्तातले एफएसएच (मेंदूकडून वृषणाला शुक्राणू बनवण्याचा संदेश देणारे संप्रेरक), टेस्टोस्टेरॉन झाले नसेल तर करून घ्या. व्हेरिकोसील हाताला लागण्याइतके आहे का ते यूरॉलॉजिस्टकडून उभे राहून तपासून घ्या, नुसत्या सोनोग्राफीवर विसंबू नका. वाय शाबूत असल्यामुळे आता व्हेरिकोसीलच्या ऑपरेशनचा विचार करायला हरकत नाही, धागाकर्त्यांच्या बाबतीत होती. ऑपरेशन झाले तरी काउंट बदलायला तीन ते सहा महिने लागतात, त्याआधी तपासून निराश होऊ नका. मिस्टर तंबाखू खात असतील तर आजपासून बंद.


कुळागर_फोंडा

लेकताई, मिस्टरांना यूरॉलॉजिस्टकडे तुम्ही नेऊ नका, त्यांना एकट्याला जाऊ दे किंवा दिरांबरोबर जाऊ दे. तुम्ही आतापर्यंत पुष्कळ रांगांत उभ्या राहिलात. फोंड्याकडे यायचे झाले तर व्यक्तिगत निरोपात कळवा, त्यांच्याशी मी बोलेन.